ताटं परत येतात तिथे

नाना, परवा तुझं सुतक फिटलं, आणि तुझ्या गंधमुक्तीला आलेली माणसं पोटभर जेवली. घोटलेली वांगी दोनदा मागून घेतली. बट्टीवर तूप वाढताना कुणी हात आडवा केला नाही. हात धुता धुता एकमेकांना सांगत होती, जेवण काय झालंय! तुला हे अजिबात आवडलं नसतं. तुला आवडणार नाही हे ठाऊक असूनच मी ते तसं करायला लावलं.

रागवायचं तर खुशाल रागव. रोज संध्याकाळी फोनवर भांडायची सवय तूच लावलीस, आणि भांडण अर्धवट टाकून तूच निघून गेलास. आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं. तुझी बाजू मी नीट मांडत नाही, हेही मला कळतं.

आज कारखान्यात हजर झाले. पॅकिंगच्या नव्या मुलींनी विचारलं, ताई, घरचं कोण गेलं? म्हटलं, मोठा भाऊ, धुळ्याला लग्नाकार्याचा स्वयंपाक घ्यायचा. त्या हळहळल्या आणि कामाला लागल्या. ज्या टेबलावर त्या प्लास्टिकच्या चटया मोजतात त्याच टेबलावर तू मला पट्टी धरायला शिकवलंस, हे त्यांना कुठून माहीत असणार? तू तेव्हा तिथेच कामाला होतास, मी नवीन होते, चटई पसरली की बरोबर मधोमध पट्टी लावायची. तू मागून येऊन म्हणालास, "मझार तर बठ्ठंच सरळ राहस. काठले मोज." मध्ये सगळंच सरळ असतं, काठाला मोज. तेव्हापासून मी काठालाच मोजते, आणि आज त्या मुलींनाही तेच सांगितलं. तुझं नाव सांगणार होते, पण पट्टी त्यांच्या हातात देऊन पुढे गेले.

मला ते तपासणीचं खातं पहिल्या दिवसापासून आवडलं, आणि तू त्यात कधीच रमला नाहीस. आमच्या भिंतीवर ती एक चटई अजून टांगलेली आहे, मालकाने आणि गिऱ्हाइकाने दोघांनी मिळून पसंत केलेली. तिला आम्ही मास्टर म्हणतो. नवा माल तिच्याशेजारी धरायचा. रंग, वीण, काठाची शिलाई जुळली तर पास, नाही जुळली तर बाजूला. बाजूला पडलेलीचंही काही वाईट होत नाही. ती दळली जाते, पुन्हा दाणा होते आणि दाण्याची पुन्हा चटई होते. चूक झाली तर परत जायची इतकी चांगली सोय मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तू म्हणायचास, म्हणूनच तू लगीन करं नही, लगीन दळता येत नही. आणि स्वतःच हसायचास. मी फोन आपटायचे.

तू नोकरी सोडलीस ती भडगावच्या लग्नामुळे. आपल्याच कारखान्याच्या चटया मांडवात अंथरल्या होत्या, तूच पास केलेल्या लॉटमधल्या. घट्ट गुंडाळून आलेल्या त्या चटयांची टोकं जमिनीवर नीट बसतच नव्हती, वर उचललेली राहत होती. नवरीच्या आजोबांचा पाय एका टोकात अडकला. तू शेजारी होतास म्हणून त्यांना सावरलंस, नाहीतर म्हातारा तोंडावर पडला असता. घरी येऊन म्हणालास, माझ्या टेबलावर ती चटई पास होती. टेबलावर आपण चारी बाजूंनी वजनं ठेवून मोजतो, आणि माणसाच्या घरी वजनं नसतात. फाटकाबाहेर आपल्या मालाचं काय होतं ते आपल्याला कधी कळतच नाही, असलं काम मला नको.

मी म्हटलं, मग काम सोडू नकोस, मोजायची पद्धत बदल. तू नाही बदललीस, मी बदलली. आमच्याकडे आता प्रत्येक लॉटमधली चटई उघडून, वजन न ठेवता, तशीच पसरून ठेवतात आणि टोकं बसली की मगच माल बाहेर पडतो. हे मी तुला इतक्या वेळा ऐकवलं की तू म्हणायला लागलास, त्या म्हाताऱ्याचा फोटो लाव आता भिंतीवर, मास्टरशेजारी.

तर तू आचारी झालास, आणि आपलं खरं भांडण सुरू झालं. संध्याकाळी मी घरी येऊन चहा टाकते न टाकते तोच तुझा फोन.

"कशी शेस, इन्स्पेक्टरबाई? आज कितल्या चटाया नापास कऱ्यात?"

"आनि तू कितल्या लोकेसले आजारी पाडं?"

मग मी विचारायचे, तुझा मास्टर कुठे आहे? कशाशी जुळवून बघतोस? तू म्हणायचास, "मन्हं गिऱ्हाईक कारखानामाच बशेल राहस." आणि ते खरंच होतं. माझी चटई विणली जाते तेव्हा ती विकत घेणारा कुठेतरी आपल्या कामात असतो, त्याचा तिच्याशी काही संबंध नसतो. तुझं गिऱ्हाईक चुलीपासून हाकेच्या अंतरावर ताट मांडून बसलेलं. माल तयार होतो तेव्हाच खपतो. तपासायला वेळ नाही, परत घ्यायची सोय नाही, आणि ज्याच्या पोटात गेला त्याचा दिवस कसा गेलाय यावर त्याची चव ठरणार. मी म्हणायचे, म्हणूनच तुला नियम जास्त हवेत. तू म्हणायचास, म्हणूनच नियम चालत नाहीत.

यावलच्या लग्नात मात्र तू हरलास. वरणात मीठ तू टाकलंस आणि तुझ्या जोडीच्या सुभाषनेही टाकलं. दोघांनाही वाटलं, समोरचा विसरला असणार. अळणी डाळ शिजवून शिजवून त्यात ओतत बसलात आणि पंगत ताटकळली. मी फोनवर पोट धरून हसले, आणि मग सांगितलं की आमच्याकडे तपासलेल्या रोलला लाल पट्टी लावतात, पट्टी असली की कुणी पुन्हा हात लावत नाही. तू भडकलास. "भांडासले काय दिष्ट लागणार शे?" पण पुढच्या कार्यापासून जो मीठ टाकेल त्याने पातेल्याच्या कानाला लाल चिंधी बांधायची, असं सुरू केलंस. मीठ पुन्हा कधी चुकलं नाही. हे तू कबूल केलंस, वहिनीसमोर केलंस, आणि मला ते अजून पुरतं.

बाकी कशात तू माझं ऐकलं नाहीस. मी म्हणत होते, एकदा तुझ्या वरणाची चव ठरली ना, मग ती सगळीकडे तशीच लागली पाहिजे. लोक तुझ्याकडे त्याच भरवशावर येतात. तू म्हणायचास, लग्नाचं वरण वेगळं आणि गंधमुक्तीचं वेगळं. लग्नातलं जेवण घरी गेल्यावर आठवलं पाहिजे, गंधमुक्तीचं उठता उठता विसरलं पाहिजे. म्हणून लग्नात तुझी वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी, ज्यांच्यासाठी लोक तारखा पुढेमागे करत. आणि सुतक फिटल्यावरच्या जेवणाला साधं वरण, भात, पोळी, गंगाफळाची भाजी, आणि गोड हवंच म्हणून चमचाभर शिरा. फोडणी बेताची, तिखट बेताचं. वाईट म्हणता येणार नाही, आणि वा म्हणावं असंही काही नाही. मी विचारलं, मुद्दाम सेकंड माल काढतोस? तू म्हणालास, "सेकंड नही शे. तो तसाच राहस." तसाच का राहतो, ते काही सांगितलं नाहीस.

आणि एक तुझी सवय मला कधी कळली नाही. लोक जेवत असताना बाकीचे आचारी चुलीपाशी किंवा वाढप्यांच्या मागे असतात. तू ताटं परत येतात तिथे, उष्ट्याच्या पिंपापाशी उभा. पत्रावळी तुला चालायच्या नाहीत, त्या गोळा करणारा गुंडाळून टाकतो आणि आत काय राहिलं ते दिसत नाही, म्हणून स्टीलची ताटं. ज्याने त्याने आपलं ताट आणून द्यायचं, तू हात पुढे करून घ्यायचं. जेवण कसं झालं असं तू कधी कुणाला विचारलं नाहीस. मी तुला चिडवायचे की मी माल जायच्या आधी तपासते आणि तू गेल्यावर. वरात निघून गेल्यावर घोडा तपासणारा, म्हणायचे तुला. तू म्हणायचास, ताट खोटं बोलत नाही.

आईच्या गंधमुक्तीला तू तेच केलंस. आपल्या आईच्या. साधं वरण, गंगाफळ, चमचाभर शिरा. मला इतका संताप आला होता नाना, की मी पाहुण्यांसमोरच बोलले. परक्यांच्या लग्नात जीव ओततोस आणि आईच्या कार्याला हे पाणचट वरण? ज्या बाईने तुला बट्टी वळायला शिकवली तिच्यासाठी एक बट्टी नाही? तू शांतपणे म्हणालास, "आईना कार्यले कोनी ढेकर देवाले नको." मी म्हटलं, लोक कंजूष म्हणतील. तू म्हणालास, म्हणू देत. मी पानावर बसले, उठले, ताट ठेवायला आले. तू नेहमीच्या जागी उभा होतास. "आन आठे," एवढंच म्हणालास, इकडे दे म्हणून, आणि माझ्या हातातून ताट घेतलंस. मी तुझ्याकडे बघितलंही नाही.

तो वाद मग वर्षानुवर्षं चालला. दुसरा विषय संपला की आपण त्यावर यायचो. तुझ्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा मी म्हणाले होते, तू काहीही म्हण, आईला चांगलं जेवण मिळायला हवं होतं. तू हसलास आणि म्हणालास, उद्या बोलू, कुकर झालाय. तो उद्या आलाच नाही.

तू गेल्यावर सुभाष माझ्याकडे आला, वहिनीकडे नाही. तिला विचारवेना त्याला. ओट्यावर उकिडवा बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "ताई, नानाना कार्यले कसं करानं? लगीननं, का गंधमुक्तीनं?"

मी एका क्षणात म्हटलं, लग्नाचं. वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी. नानाचं जे सगळ्यात चांगलं होतं ते.

सुभाष म्हणाला, नानाने नाही म्हटलं असतं. मी म्हटलं, नाना नाही आता. हे बोलताना मला कसं वाटलं ते तुला सांगता येणार नाही. एकीकडे रडू कोसळत होतं आणि एकीकडे वाटत होतं की शेवटी माझंच झालं. समोर हरणारं कुणी नसताना जिंकण्यात मजा नसते, पण मी ते घेतलं. तुझ्या माणसांनाही तेच हवं होतं, सांगितल्याबरोबर त्यांचे चेहरे उजळले. पहाटेपासून बायका बट्ट्या वळत होत्या. वांगी घोटताना सुभाष मान वर करत नव्हता. पातेल्यांच्या कानांना लाल चिंध्या होत्या, सगळ्यांच्या सगळ्या. मी वरण चाखलं आणि ते तुझंच होतं. भिंतीवरच्या मास्टरशी धरलं असतं तर धागा इकडचा तिकडे झाला नसता.

लोक बसले, आणि ताटांच्या जागी कुणीच नव्हतं. पिंप होतं, ताटं ठेवायचं घमेलं होतं, आणि तुझी जागा रिकामी. मला ते बघवेना, म्हणून मी जाऊन उभी राहिले.

ताटं येऊ लागली. नाना, अशी ताटं मी कधी पाहिली नव्हती. बट्टीचा कण नाही, वाटीत वरणाचा थेंब नाही. येणारा प्रत्येक जण काहीतरी बोलून जात होता. नानाच्या हाताची चव राखली बरं तुम्ही. असं गंधमुक्तीचं जेवण आजवर जेवलो नाही. मी ताट घेत होते, घमेल्यात ठेवत होते, आणि माझ्या मनात इन्स्पेक्टरबाई पास, पास म्हणत होती. पिंपाचा तळ दिसत होता. मला खरंच आनंद होत होता. तुला मनातल्या मनात म्हटलं, बघ, खोटं न बोलणारी ताटं काय म्हणतायत.

शेवटी वहिनी आली. तिच्या हातात एकावर एक अशी दोन ताटं होती, वरचं रिकामं. मला वाटलं, शेजारणीचंही घेऊन आली असेल. जवळ आल्यावर तिने मागे बघितलं आणि हळूच वरचं ताट सरकवलं. खालचं वाढलं होतं तसंच होतं. बट्टीवर तूप थिजलेलं, वांग्याला बोटही लागलं नव्हतं.

"ताई, इतलं चांगलं करं त्यासनी," ती म्हणाली, "पन मन्हा गळाखाले उतरनंच नही. आजूबाजूले बठ्ठ्या खाई राहिंत्यात, वाखानी राहिंत्यात. माले लाज वाटनी. कोनी देखाले नको."

नवरा गेलेली बाई, नवऱ्याच्याच कार्याला, जेवण गेलं नाही म्हणून ताट लपवत होती. ती एवढा वेळ तिथे बसून होती, दोन्ही बाजूंना मिटक्या मारत जेवणारी माणसं, आणि मध्ये हिचं भरलेलं ताट. जेव गं, इतकं छान झालंय, असं कितीजणी तिला म्हणाल्या असतील.

मी ताट घेतलं. पिंपात उलटं केलं तर पिंप रिकामं होतं, त्यामुळे बट्ट्या तळाशी पडल्याचा मोठा आवाज झाला. हात धुणाऱ्या दोन बायकांनी वळून बघितलं. वहिनीने मान खाली घातली आणि आत गेली.

आणि तेव्हा मला आईच्या गंधमुक्तीचं पिंप आठवलं. ते अर्ध्यापर्यंत भरलेलं होतं. कुणाचा भात राहिला होता, कुणाची अर्धी पोळी, कुणाचं वरण, सगळ्यांचंच थोडं थोडं. मी माझं ताट घेऊन आले तेव्हा त्यात सगळं तसंच होतं. रागाच्या भरात मी समजत होते की जेवण पाणचट आहे म्हणून मला गेलं नाही. आई गेली म्हणून गेलं नव्हतं, नाना. तू आन आठे म्हणालास, माझं ताट त्या बाकीच्या उष्ट्यात रिकामं केलंस, आणि त्याचा आवाज झाला नाही. कुणी वळून बघितलं नाही. मलासुद्धा कळलं नाही की मी का जेवले नव्हते.

हे तू मला का सांगितलं नाहीस? इतकी वर्षं मी तुला कंजूष म्हटलं, हट्टी म्हटलं, सेकंड मालवाला म्हटलं. एकदा तरी म्हणायचं होतंस की अगं, तुझ्यासाठीच केलं होतं. म्हणाला असतास तर मी ऐकून घेतलं नसतं, हे तुला ठाऊक असणार. तरी म्हणायचं होतंस. आमच्याकडे लॉटमध्ये एखादी चटई काठाला चुकली तर आम्ही ती बाजूला करतो आणि बाकीचा माल पाठवतो, त्याला कामाची रीत म्हणतात. तू त्या एका ताटासाठी सगळ्यांचं जेवण बेताचं ठेवत होतास, लोकांची बोलणी खाऊन घेत होतास. माझ्या मास्टरमध्ये हे कुठे बसवू, मला माहीत नाही. बसत नाही.

तरीही मी पूर्ण हरले असं समजू नकोस. मिठाच्या चिंधीबाबत मीच बरोबर होते, आणि लोक तुझ्या चवीबद्दल बोलत घरी गेले याचं मला पूर्ण वाईट वाटत नाही. तुझ्या मागे कुणीतरी तुझं नाव चवीने घ्यावं असं मला वाटत होतं. फक्त त्याची किंमत वहिनीच्या ताटाला मोजावी लागली. निघताना मी तिच्याजवळ बसले होते, तिचा हात हातात घेतला होता, पण माफी मागितली तर तिला पुन्हा ते ताट आठवेल म्हणून मागितली नाही. मग तिनेच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

सुभाषला सांगून आले, इथून पुढच्या गंधमुक्तीला नानासारखंच करायचं, गंगाफळ आणि साधं वरण. तो म्हणाला, जेवण करू ताई, पण तिथे कोण उभं राहील? आम्हाला ते जमत नाही. मी जळगावहून किती वेळा येणार? गाडीत बसले.

निघताना त्याने डबा भरून दिला होता. काल घरी आले, कुलूप काढलं, चहा टाकला आणि फोन समोर ठेवून बसले. तुझी वेळ टळून गेली. दुसरं कुणी त्या वेळेला मला फोन करत नाही, हे मला इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. मग डबा गरम केला. बट्टी कुस्करली, वरण ओतलं, तूप घातलं, वांगी घेतली. चव अगदी तुझी होती. दोन घास घेतले आणि पुढे गेलं नाही.

ताट घेऊन उठले. मोरीपाशी गेले आणि तिथे मला कळेना की मी कशासाठी थांबले आहे. ताट धरलेला हात तर पुढे केलेला होता. दोन खोल्यांच्या घरात माझ्याशिवाय कुणी नाही, जेवले काय आणि न जेवले काय, बघायला कुणी नाही, लाजायचंही कारण नाही. पण ताट रिकामं करवेना. आन आठे, असं कुणीतरी म्हणेल म्हणून मी उभी होते, नाना, आणि ताट माझ्याच हातात राहिलं.